बिघडलेलं भांडं कुणी लांबून आणत नाही

नलूताई, तुझं मडकं फुटलं नाही.

ही बातमी तुला कुणीतरी द्यायलाच हवी होती. वाईट बातमी वेळेवर पोचवण्याचा माझा लौकिक तुझ्याइतका कुणालाच ठाऊक नाही, म्हणून या वेळी उशीर करत नाही. तुला जाऊन तीनच आठवडे झालेत.

इथं जर्मनीत मडकं मिळतच नव्हतं गं. कार्ल्सरूहेत नाही, हायलब्रॉनला नाही, त्या तमिळ दुकानदाराकडेही नाही, ज्याच्याकडे कढीपत्त्यापासून शेवयांपर्यंत सगळं असतं. शेवटी बागकामाच्या दुकानातून लाल मातीची एक कुंडी घेऊन आलो. घरी येऊन नीट बसतंय का बघावं म्हणून पाणी भरून खांद्यावर घेतली, तर सगळं पाणी पाठीवरून थेट मोज्यांत. कुंडीला तळाशी भोक असतं, ही गोष्ट अठरा वर्षं क्वालिटी इंजिनिअर म्हणून पगार घेतलेल्या माणसाच्या लक्षात आली नव्हती.

शुभदा मला म्हणाली, "अहो, नाहीतरी तिथं भोकं पाडायचीच आहेत ना? एक आयतं आलं समजा." पण तिनंच मग कणीक मळून त्या भोकाला बूच बसवलं. मळता मळता रडत होती. "नलूताईंना माझी कणीक नेहमी सैल वाटायची," म्हणाली, आणि मुठीनं आणखी पीठ टाकलं.

काळ्या कोटातल्या त्या अंत्यविधीवाल्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पाणी? हॉलमध्ये? नाही, फरशी घसरडी होईल, कुणी पडलं तर विम्याची भानगड. पण आल्झो, म्हणजे बघा, पेटी गाडीकडे नेताना अंगणातल्या खडीवर पाच मिनिटं थांबवता येईल. म्हणजे तुला शेवटचाही टेर्मिनच मिळाला, नेमून दिलेला वेळ, ताई. पाच मिनिटांचा, आणि तोही मेहेरबानी म्हणून. मी कुंडी खांद्यावर घेऊन चाकांवरच्या तुझ्याभोवती फिरायला लागलो. विद्यापीठातली तुझी चार मराठी पोरं उसन्या काळ्या जॅकेटांत हात जोडून उभी. शुभदा नेकार नदीच्या काठावरून आणलेला दगड प्रत्येक फेरीला कुंडीवर मारायची. टक्. टक्. टवकासुद्धा उडाला नाही. तिसऱ्या फेरीत कणकेनंच दम सोडला आणि पाणी माझ्या कोटात उतरलं. नोव्हेंबरातलं पाणी! मग मागं न बघता कुंडी खांद्यावरून टाकायची. टाकली. ठप्प असा आवाज आला आणि गडगडत जाण्याचा.

मागं वळून बघायचं नसतं, म्हणून मी उभाच. तेवढ्यात आमच्या ईशाचा बारीक आवाज आला, "पापा, एस इस्ट निश्ट कापुट." फुटलं नाही म्हणते पोरगी.

कुणी हसलं नाही. तू असतीस तर हसली असतीस, आणि वाकून ती उचलून, उलटी करून, नखानं वाजवून बघितली असतीस. ते गृहस्थ कुंडी घेऊन माझ्यासमोर आले. रुमालानं तिची माती पुसलेली होती. दोन्ही हातांनी त्यांनी ती मला दिली आणि म्हणाले, हे तुमचं राहिलं.

तुझ्या इन्स्टिट्यूटनं तुझ्याबद्दल चांगलं पानभर लिहिलंय. कुठं शिकलीस, काय छापलंस, कुठल्या ओॲसिसमध्ये किती सीझन खोदलंस. त्यातलं मला काही लिहायचं नाही. त्यात एक चूकही आहे. तू मितभाषी होतीस असं म्हटलंय. मिरजेच्या घरात कुणी हे वाचलं तर पेपर बदलून आलाय असंच समजतील. पण मग वाटलं, जर्मनमध्ये तू मितभाषी असशीलही. मीसुद्धा इथं गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, आणि जा, जा, म्हणजे हो, हो, यांवर निम्मं आयुष्य काढलंय.

मला सारखी आठवते ती तुझ्या लॅबमधली शनिवारची सकाळ. ईशा आठ वर्षांची होती. टेबलावर दोन ट्रे होते. एकात देखणी खापरं, काळ्या रंगानं जाळी आणि त्रिकोण काढलेली. दुसऱ्यात नुसता राडा. वाकडी, फुगलेली, हिरवट पडलेली, भाजता भाजता वितळलेली. त्यात दोन वाडगे होते, एकात एक घुसून कायमचे चिकटलेले. ईशानं सरळ तिथंच बोट ठेवलं. "आत्या, दस इस्ट आबर कापुट!"

"गेनाऊ!" तू टाळीच वाजवलीस. "कापुट आहे म्हणूनच माझं सोनं आहे ते! आता मला सांग, तुझ्या आईनं पोळी जाळली तर ती डब्यात घालून तुला शाळेत देते का?"

"नाइन." तिनं नकारार्थी मान हलवली.

"मग कुठं असते ती जळकी पोळी?"

ईशानं आईकडे बघितलं आणि जर्मनमध्येच म्हणाली, आमच्याच कचऱ्याच्या डब्यात. शुभदा म्हणाली, "अहो नलूताई, उदाहरणाला माझीच पोळी सापडली?"

पण तुझं सगळं म्हणणं त्या पोळीत होतं. चांगलं भांडं हजार मैलांवरून येऊ शकतं. व्यापारी आणतो, सुनेबरोबर येतं, लुटीत येतं. बिघडलेलं भांडं मात्र कुणी उंटावर लादून वाळवंट ओलांडून आणत नाही. जिथं ते पडलेलं असतं, तिथंच कुणीतरी ते बनवलेलं असतं. म्हणजे त्या ओॲसिसमधले लोक नुसते खजूर खात आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून भांडी घेत बसले नव्हते. त्यांची माती होती, त्यांचं चाक होतं, भांडी भाजायचा त्यांचा आवा होता. काही हजार वर्षांनी त्यांची बाजू घ्यायला उभे राहिले ते त्यांचे बिघडलेले वाडगे.

आणि मी, तुझा धाकटा भाऊ, काय काम करतो? गाडीच्या सुट्या भागांमधले बिघडलेले नग शोधून कुणाच्या नजरेला पडायच्या आत लाल पेटीत टाकतो. आउसशुस, म्हणजे टाकाऊ माल. दिवस संपताना पेटी रिकामी झालेली असली पाहिजे, पुरावा राहता कामा नये. तू म्हणायचीस, "मन्या, तुझ्यासारखे चार इंजिनिअर त्या काळी असते तर माझी नोकरी गेली असती."

मी वाद घालायचो, ते तुला चिडवायला. "जिथं झाडच नाही तिथं जळण कुठलं? मडकी भाजली कशावर, गप्पांवर?" तू म्हणायचीस खजुराच्या झावळ्या, उंटाच्या लेंड्या. मी म्हणायचो, लेंड्यांवर इतका जाळ होत नाही, भांडं वितळेल इतका तर नाहीच. तू म्हणायचीस, करून दाखवते. आणि खरंच इन्स्टिट्यूटच्या मागच्या आवारात लेखी परवानगी काढून तू भट्टी लावलीस. लेंड्या कुठून आणल्यास ते अजून माहीत नाही. एक सर्कस गावात आली होती एवढं आठवतं. त्या भट्टीतून निघालेलं, एका बाजूला मान टाकलेलं, पोटाला भेग गेलेलं मडकं तू मला वाढदिवसाला दिलंस. मी त्यात कोथिंबीर लावली.

"अरे गाढवा, तो पुरावा आहे!"

"कसला?"

"मला आवा लावता येत नाही याचा."

जळणाचा वाद मात्र मिटला नाही. पुढच्या सीझनला राख तपासून आणते म्हणाली होतीस.

आता आईचं. इतका वेळ कुंडी आणि पोळी आणि सर्कस करत बसलो ते त्यासाठीच, तुझ्या लक्षात आलंच असेल.

नानाकाकांचा मिरजेहून फोन आला तेव्हा मी कारखान्यात माझ्या टेबलावर होतो. आईला छातीत पाणी झालंय, दवाखान्यात ठेवलंय, सारखी नलू नलू करते, तिला कळव. तू वाळवंटात. तुमच्या कॅम्पचा तो सॅटेलाइट फोन होता, ज्याचा नंबर तू घरात फक्त मला दिला होतास. नानाकाकांना इतके आकडे फिरवणं जमणार नाही म्हणून. तुझ्यापर्यंत जायचा रस्ता माझ्या टेबलावरूनच जात होता.

त्या आठवड्यात आमच्याकडे ऑडिट होतं. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक येणार होतं, आणि माझ्या लाल पेट्यांचा हिशेब मलाच द्यायचा होता. मी तुला फोन लावला. वाऱ्याचा आवाज येत होता आणि तू प्रत्येक वाक्य दोनदा विचारत होतीस. "मन्या, मी यायला हवं का? खरं सांग."

मी म्हणालो, "छे गं, ॲसिडिटीसारखं आहे काहीतरी, काका उगीच घाबरतात, डॉक्टर म्हणाले दोन दिवसांत घरी सोडतो, तू तुझा सीझन संपव."

डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते. हे मी का केलं त्याला मी पाच वर्षं वेगवेगळी नावं दिली. तुला काळजी नको म्हणून. तुझं काम महत्त्वाचं म्हणून. खरं कारण एवढंच, की तू निघाली असतीस तर मला बसून राहता आलं नसतं. मुलगी वाळवंटातून पोचते आणि मुलगा ऑडिट करतो, हे दिसलं असतं. दोघंही थांबलो तर कुणीच दिसत नाही. हिशेब चोख होता. मी क्वालिटीत आहे.

ऑडिट बुधवारी संपलं. गुरुवारी मी निघालो आणि शुक्रवारी पोचलो. आई त्याच संध्याकाळी गेली. मला तिनं ओळखलं, पण विचारलं तुझंच. "नलू?" मी म्हणालो, "येतेय." तेही खोटंच. तुला तर शुक्रवारी, सगळं संपल्यावर कळवलं. तू चौथ्या दिवशी आलीस. पायताणात अजून तिकडची वाळू होती. ओसरीवर तू चप्पल झटकलीस, आणि नानाकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "या. सापडली का खापरं? आई काय, पुन्हा खोदून काढता येईल."

तू माझ्याकडे बघितलंस. मी तेव्हा काय केलं ते मला नीट आठवतं. चहाचे कप मोजत होतो. किती माणसं आली, किती कप लागतील. मला बोलता आलं असतं. त्या दिवसापासून मी आईच्या शेवटच्या क्षणी पोचलेला मुलगा झालो आणि तू मडक्यांसाठी आईला सोडणारी मुलगी. दर दिवाळीला काका फोनवर विचारायचे, "काय गं, किती खापरं यंदा?" तू म्हणायचीस, "भरपूर, काका." आणि विषय बदलायचीस.

एकदाच तू त्या बाजूला गेलीस. मी कुणावर तरी खापर फोडल्याचं काहीतरी ऑफिसचं सांगत होतो. तू म्हणालीस, "आपल्या भाषेला हे कळतच नाही बघ. खापर फोडता येत नाही. खापर म्हणजे आधीच फुटलेलं. फोडतात ते मडकं." मी हसलो. तू नाही हसलीस. चष्मा पुसत राहिलीस.

मग तू आजारी पडलीस आणि मला सहा आठवडे मिळाले. इतकी मुदत आमच्याकडे कुठल्याच तक्रारीला मिळत नाही. एक दिवसाआड आमच्या नेकारसुल्महून गाडी काढायचो, शेजारच्या सीटवर आमटीचा थर्मास, आणि आज सांगायचंच. वाटेत सिन्सहाइमला म्युझियमच्या छपरावर ठेवलेली ती विमानं दिसेपर्यंत माझं भाषण तयार असायचं. सुरुवात, मधला भाग, माफी. कार्ल्सरूहेला दवाखान्याच्या पार्किंगमध्ये नाणी शोधेपर्यंत त्यातली फक्त सुरुवात उरायची. वर तुझ्या खोलीत आलो की मी म्हणायचो, "आज आमटीत गूळ जास्त पडलाय."

एकदा अगदी ओठांवर आलं होतं. तू डोळे मिटून पडली होतीस.

"ताई, आई गेली तेव्हा..."

"कोथिंबीर उगवली का रे?" तू डोळे न उघडताच विचारलंस.

"उगवली. पण एकाच बाजूला. मडकं वाकडं आहे ना."

"मडकं बरोबर आहे. तू फिरवत नसशील. सगळ्या बाजूंनी ऊन लागायला हवं." मग नर्स आली, तुझा हात तिनं घेतला, आणि मी मोठ्या तत्परतेनं बाहेर जाऊन उभा राहिलो. इतकी सुटका मला ऑडिट संपल्यावरही वाटली नव्हती.

त्यानंतर बोलणं असं झालंच नाही.

तू गेल्याचं मिरजेला कळवलं. या वेळी लगेच, तासाभरात. नानाकाकांनी नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "जशी आईच्या वेळी आली नाही, तशीच कुणाला न सांगता गेली." मी तेव्हाही "हं" म्हणालो. हे "हं" मला तुझ्यापुढं कबूल करायचं होतं. पाच वर्षांपूर्वीचं खोटं एक वेळ घाबरटपणाचं म्हणता येईल. हे "हं" ताजं आहे.

गेल्या शनिवारी तुझं घर रिकामं केलं. खोदकामाच्या वह्या इन्स्टिट्यूटला दिल्या. पण प्रत्येक सीझनची एक छोटी वही वेगळी निघाली, मराठीतली. स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांमागं. त्या वर्षीची मी उघडली. त्या दिवसाचं पान असं आहे:

"मन्याचा फोन. आईला ॲसिडिटी म्हणतो. खोटं बोलताना हा एका दमात बोलतो, लहानपणापासून. म्हणजे जायला हवं. विमान परवा आहे, नाहीतर एकदम पुढच्या आठवड्यात. आज दुपारी आव्याचं तोंड उघडं पडलं. दोन वाडगे एकमेकांत वितळून बसलेत. हे असं टाकून परवा कशी निघू. पुढच्या विमानानं जाईन. आई थांबेल."

ते तेच दोन वाडगे, ताई. ईशानं बोट ठेवलेले. ते टेबलावर ठेवून तू टाळी वाजवलीस आणि पोळीची गोष्ट सांगितलीस, तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?

मला वाचल्याबरोबर काय वाटलं ते आधी लिहितो. हायसं वाटलं. तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या डाळीच्या डब्यांपुढं उभं राहून तुझ्या भावाला हायसं वाटलं, की चला, तुला कळलं होतं, तू तुझ्या मनानं थांबलीस, मी काय एकटाच नाही. मी वही शुभदाकडे दिली. तिनं दोनदा वाचली, मिटली आणि म्हणाली, "अहो, आता नलूताईंवर फोडणार का खापर?"

मी म्हणालो, "पण तिला माहीत होतं!"

"त्यांना तुमचं माहीत होतं. स्वतःचंही माहीत होतं. म्हणून त्या काकांना कधी उलटून बोलल्या नाहीत. तुम्हाला कोणाचं माहीत होतं?"

एवढं बोलून ती डाळीचे डबे पुसायला लागली. बायकोपुढं वाद हरायची मला सवय आहे. पण डबे पुसणाऱ्या बायकोपुढं इतका पुरता हरलो नव्हतो. मी इतकी वर्षं समजत होतो की तू माझ्यासाठी गप्प राहिलीस. मनातल्या मनात त्याबद्दल मी तुझे आभारही मानायचो, आणि थोडा रागही करायचो, कारण आभार जड असतात. तू तर तुझंच सोसत होतीस. एका घरात, एका फोनच्या दोन टोकांना दोन माणसं, आणि दोघंही आपापलं वाकडं भांडं पदराखाली घेऊन बसलेली. एकदा दाखवलं असतं एकमेकांना तर निदान रडलो तरी असतो बरोबर.

ते तुझं पान इथं लिहू की नको, यावर मी आठवडाभर अडलो होतो. तूच सोडवलंस. तुझी पोरं सांगत होती, ताई म्हणायच्या, आपल्याला नको असलेला थर वहीतून गाळला की ते खोदकाम राहत नाही, चोरी होते. म्हणून लिहिलं. तुझा थर तुझ्या जागी, माझा माझ्या. पण काकांना फोन केला तेव्हा तुझ्या वहीचं अवाक्षर काढलं नाही. तो फोन फक्त माझा होता.

रविवारी दुपारी केला. काका आता चौऱ्याऐंशीचे, कान गेलेत. आत ईशाचा टीव्ही, म्हणून मी बाल्कनीत गेलो. इथं रविवारी कुणी मोठ्यानं शिंकतसुद्धा नाही, बाटल्या टाकायलाही बंदी असते.

"काका, आई आजारी होती ना, तेव्हा मी नलूताईला खोटं सांगितलं होतं."

"काय मोठं?"

"खोटं!"

"मोठ्यानं बोल रे, टीव्ही चालू आहे."

"खोटं! खोटं सांगितलं! आई बरी आहे म्हणालो! येऊ नको म्हणालो! मी! मी सांगितलं तिला!"

खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ बेक बाहेर येऊन वर बघायला लागल्या. आलेस इन ओर्डनुंग? मी हात केला, जा, जा, सगळं ठीक. फोनमध्ये टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला.

"का?" काका म्हणाले. आता त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"माझं ऑडिट होतं. ती निघाली असती तर मलाही लगेच निघावं लागलं असतं."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला घेतल्याची खरखर आली.

"पाच वर्षं मी त्या पोरीला बोलतोय, मनोहर."

"हो."

"दर दिवाळीला."

"हो, काका."

"आणि तू ऐकत होतास."

"हो."

"तिला तरी सांगितलंस? शेवटी?"

मी नाही म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नसावं म्हणून पुन्हा म्हणालो, "नाही."

"ठेव फोन," म्हणाले, आणि त्यांनीच ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही. हे लिहून झालं की याची एक प्रत त्यांना पाठवतो आहे. त्यात तुझं पानही आहे. ते वाचून त्यांना पुन्हा तुझ्यावर रागवायचं असेल तर रागवू देत. निदान या वेळी सगळं समोर ठेवून.

फोननंतर मी बाल्कनीतच थांबलो. थंडी होती आणि हाताला काहीतरी काम हवं होतं. तुझी ती न फुटलेली कुंडी गाडीच्या डिकीतून आणली, तळातली सुकलेली कणीक काढून टाकली. कोथिंबिरीला भोक असलेलंच बरं. थंडीत जगेल न जगेल, पण तुझ्या मडक्यातली कोथिंबीर मुळांसकट तिकडे हलवली. मग तुझं मडकं धुतलं. आत बोटांच्या खुणा आहेत, चार. माती अजून ओली असताना तू ते सावरायला गेली असशील. मी इतक्या दिवसांत कधी आत हात घालून बघितला नव्हता.

तळाशी, बाहेरच्या बाजूला, तुझी चिठ्ठी अजून चिकटलेली होती. तू तिच्यावर पातळ गोंदाचा हात फिरवला होतास, म्हणून शाई टिकली. तुमच्या खोदकामातल्या प्रत्येक पिशवीवर असते तशी, फक्त मराठीत. "ठिकाण: कार्ल्सरूहे, मागचं आवार. बनवणार: नलू. शेरा: भाजताना बिघडलं. मुद्दाम नाही."

ते मी आत आणून पुस्तकांच्या फडताळावर ठेवलं, वाकडी बाजू पुढं करून. ईशा बघत होती. "कापुट?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "गेनाऊ."

मग तिच्याकडून एक कागद मागून घेतला आणि तुझ्यासारखं बारीक अक्षर काढायचा प्रयत्न केला. घडी करून तुझ्या मडक्यात टाकलाय. लिहिलंय:

ठिकाण: नेकारसुल्म, ऑफिसातलं टेबल, फोनच्या शेजारी. बनवणार: मन्या. शेरा: इथंच बनलेलं, बाहेरून आलेलं नाही. मुद्दाम.